संध्याकाळची गोळी

३ फेब्रुवारी २०२५
कंपनीतलं काम गेलं. नवा ठेकेदार आला, त्यानं आमची सतरा माणसं घेतलीच न्हाईत. राजश्री म्हणाली, बघू, मी कांदे काढायला जाते. बायकोनं आता उन्हात वाकायचं, तेही एका किडनीवर. दुसरी माझ्या पोटात!

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. ती किडनी टिकवायच्या गोळ्या मात्र आपल्या खिशातनं — सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

८ फेब्रुवारी
शिरूरला स्वस्त औषधांच्या दुकानात गेलो. बीपीची गोळी मिळाली. किडनीची आमच्याकडं येतच न्हाई म्हणाले, पुण्याला बघा. पुण्यात महिन्याच्या गोळ्या म्हंजी राजश्रीची महिनाभराची मजुरी.

९ फेब्रुवारी
संध्याकाळची बंद केली. तिला सांगितलं न्हाई. ती समोर असली की नुसतं पाणी पितो. गोळी मुठीत.

१ मार्च
काय बी होत न्हाई. भूक लागते, झोप लागते. डॉक्टर उगा घाबरवतात. रक्त तपासायला पुण्याला जायचं होतं, ते पण टाळलं. राजश्रीला सांगितलं, डॉक्टर रजेवर हायेत.

वाचलेल्या पैशात गौतमीची नर्सिंगची फी भरली. लेक किती दिवसांनी हसली.

१४ एप्रिल
जयंती. तळेगावात दुपारपासून वाजतंय. निळा शर्ट घातला, पण पाय चपलेत जाईनात. मिरवणुकीला गेलोच न्हाई. राजश्रीनं पाय मांडीवर घेतला, बोटानं दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.  तिनं उद्याच्या मजुरीला येत न्हाई म्हणून मुकादमाला फोन केला.

१६ एप्रिल
पुणे. काल डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. तिच्यासमोरच विचारलं, गोळ्या चुकवल्या का?  मग सांगितलं सगळं. "घरासाठीच केलं," असंही म्हणालो. लगेच भरती करून घेतलं.

राजश्री रात्रभर खाटेशेजारी बसून होती. माझ्याकडं बघितलं न्हाई.

२ मे
इंजेक्शनांचा उपयोग झाला न्हाई. किडनी गेली. घरी सोडलं. सोमवारपासून शिरूरला डायलिसिस.

४ मे
राजश्री इतके दिवस कामापुरतंच बोलत होती. आज भाकरी वाढताना थांबली.
"माझी हुती ती. मला इचारायचं तरी."