श्रद्धांजलीचे मिस्ड कॉल

९ नोव्हेंबर, विश्रामबाग, सांगली

मायाप्पा गेला.

सकाळी ऑफिसात चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "फौजी, जरा बसतो." बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मान हलवली. एकोणपन्नास हे काय जायचं वय आहे? मी त्याच्याहून थोरला, फौजेतून पेन्शनीत निघालेला, विड्या ओढणारा, आणि मी बसलोय हे लिहीत.

संगीतावहिनींना मीच फोन केला. रडल्या नाहीत. "सकाळचं खाल्लं हुतं का त्यांनी?" एवढंच विचारलं. खाल्लं होतं म्हणालो. खरं म्हणजे नव्हतं.

१० नोव्हेंबर, माण

त्याच्या गावी माती दिली. मेंढकं लांबलांबून आली होती, काही जण रानातनं थेट, खांद्यावर घोंगडी तशीच. कुणी भाषण केलं नाही. एकानं पायाशी भंडारा वाहिला आणि बाजूला जाऊन उकिडवा बसला.

परतीच्या वाटेवर गाडीत पेपर वाचला. 'मेंढपाळांसाठी ॲप बनवणारा तंत्रमहर्षी हरपला.' तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ॲप नको म्हणून तर तो जन्मभर सगळ्यांशी भांडला! मेंढक्याकडं साधा फोन, त्यातही बॅलन्स नाही. म्हणून 'हाक'. मिस्ड कॉल द्यायचा, मशीन उलट फोन लावणार, मायाप्पाचा आवाज येणार, "हाक ऐकली. बोल गड्या, कुठं हाईस?" मेंढक्यानं सांगायचं, मी अमुक गावाच्या शिवेवर आहे, एवढी मेंढरं आहेत. तिकडं शेतकऱ्यानंही तसंच सांगायचं, माझं रान मोकळं झालंय, खतासाठी मेंढरं बसवायची आहेत. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला मशीन पोचवणार. आपली 'न्हाई' आणि 'व्हय' मोठ्या कंपन्यांच्या मशीनला कळत नव्हती तेव्हा ह्यानं ती ऐकायला शिकवली. चौदा वर्षं घातली त्यात.

पेपरात ह्यातलं एक अक्षर नाही. 'महर्षी' मात्र तीनदा.

११ नोव्हेंबर

सांगलीत शिरलो तर चौकात फ्लेक्स. 'सांगलीचे सुपुत्र'. कालच्या गावी होता तो 'माणदेशाचे सुपुत्र'. हयात असताना दोन्हीकडच्या लोकांनी त्याला 'ते मेंढरांचं खूळ' म्हणून वाटेला लावलं होतं. आपले पुढारी भाऊसाहेब हात जोडून अख्खे उभे आहेत, पायातल्या चपलेसकट, आणि मायाप्पा वर कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यातही त्याचा पटका काढून कोट-टाय चढवलाय. आयुष्यात टाय घातला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात ह्याच भाऊसाहेबांच्या दारात आम्ही दोघं बाकड्यावर ताटकळलो होतो. आत बोलावून म्हणाले होते, "मेंढरांना काय मोबाईल घेऊन द्यायचेत व्हय रं?" सगळे चमचे हसले. मायाप्पाही हसला. मला तेव्हा त्याचाच राग आला होता.

फ्लेक्सवर खाली ठळक अक्षरांत एक नंबर आहे. वाचून दोन मिनिटं कळेना की हा आपला नंबर इथं काय करतोय.

१२ नोव्हेंबर

कळलं. कॉलेजातल्या प्राध्यापकांचा उपद्व्याप. हेच ते, ज्यांनी परिषदेत मायाप्पाला सुनावलं होतं, आजच्या जमान्यात मिस्ड कॉल म्हणजे मागासलेपणा. परवाच त्यांनी व्हॉट्सॲपवर सोडलं, 'सरांना आदरांजली म्हणून या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या आणि सरांचा आवाज ऐका.' भाऊसाहेबांच्या पोरांनी ते उचलून फ्लेक्सवर टाकलं. सांगली, सातारा, पार पुण्यापर्यंत गेलं.

मशीन एका वेळी सहा जणांना उलट फोन लावतं. आजवर सहा पुरत होते. आता रांगेत हजारो. मधेच कुठंतरी आपली मेंढकं. कुणाला "बोल गड्या" ऐकून हुंदका येतो, कुणी "सर अमर रहे" ओरडतो, कुणी दहावीतल्या पोरीला ऐकवतो, कुणी ते टेप करून स्टेटसला ठेवतो आणि पुन्हा मिस्ड कॉल देतो. सगळं रेकॉर्ड होतंय. मी ऐकतोय आणि दात-ओठ खातोय.

ओळखीचे नंबर तेवढे आत घ्यावेत म्हटलं, तर तशी यादीच नाही. मेंढका आज ह्याच्या फोनवरनं बोलतो, उद्या चहाच्या टपरीवरनं. शेवटी ज्या नंबरावरनं बोलला तिथं मशीन त्याचा निरोप सोडतं, पण नवा आलेला नंबर कुणाचा ते मशीनलाही आधी कळत नाही. मायाप्पाचा हट्ट, नाव नोंदवा असं कुणाला म्हणायचं नाही.

प्राध्यापकांना फोन केला. पोस्ट काढा म्हटलं.

"फौजी, लोकांच्या भावना आहेत. आकडा तर बघा!"

"त्या आकड्याला मेंढरं राखायची आहेत का?"

"तुम्ही फार भावनिक झाला आहात," म्हणाले. मी भावनिक!

१३ नोव्हेंबर

भाऊसाहेबांकडं गेलो. ह्या खेपेला बाकड्यावर बसवलं नाही, खुर्ची दिली, चहा दिला. नंबर झाकायला निदान कागद तरी चिकटवा म्हणालो. "श्रद्धेचा विषय हाय," म्हणाले, "आता काढला तर माणसं आमच्यावर उठत्याली." मग पुतळ्याचं बोलायला लागले. पुतळ्याच्या हातात लॅपटॉप असावा का टॅब, ह्यावर तिथं पाच माणसं खरोखर वाद घालत होती.

एक उपाय माझ्या हातात आहे. आवाज काढून टाकायचा. माणसं त्या आवाजासाठी फोन करताहेत, आवाज गेला की तीही जातील. लॅपटॉप उघडला. फाइलीवर बोट ठेवलं. जमलं नाही. त्याचं एवढंच तर राहिलंय. चार दिवसांत गर्दी आपोआप ओसरेल, तोवर कळ काढू.

१५ नोव्हेंबर

कळ काढायला नको होती.

पलूसकडच्या एका शेतकऱ्यानं काल सकाळीच निरोप ठेवला होता. "धुळा मेंढक्याला सांगा, माझ्या रानात ज्वारीचा कोवळा फुटवा आलाय, मेंढरं घालू नका, विष बाधंल." त्यानंच चार दिवसांमागं धुळाला ये म्हणून सांगितलं होतं. मग फुटवा दिसला, सांगायला फोन केला, आणि ज्या भरवशावर केला तो भरवसा शोकात बुडालेला. निरोप रांगेत पडून राहिला. धुळाचा फोन वाजला तो आज दुपारी.

निरोप ऐकून झाला की मशीन मेंढक्याचं उत्तर टिपून घेतं. धुळाचं उत्तर मी चारदा ऐकलं.

"आता सांगताय व्हय?"

बस्स. मागं बाईमाणसाचं रडणं आणि कुत्रं भुंकतंय.

१६ नोव्हेंबर, पलूसजवळ

धुळाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर गेलो. नऊ मेंढरं. दोन गाभण. तोंडाला फेस आला, पाय झाडले, डॉक्टर पोचेपर्यंत संपली. खड्डा काढून झाला होता. धुळा माझ्याकडं न बघता मेंढरं मोजत बसला होता. उरलेली.

बोलली त्याची बायको, बायडाबाई.

"तुमचा मानूस गेला तवा आमी चूल पेटिवली न्हाई. आता आमची गेली. कुनी बोर्ड लावला?"

मी सगळं सांगितलं. पोस्ट, फ्लेक्स, भाऊसाहेब, प्राध्यापक. लोक कसे येड्यासारखे वागले ते तावातावानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"लोकं येडी हुत्याली, फौजी. बटन कुनाच्या हातात हुतं?"

"तो त्याचा आवाज होता, बाई."

"आवाज मेंढरं राखतुया व्हय?"

सबंध वाटेत मला तिचा राग आला. घरी आलो, हात धुतले, मग तिचा राहिला नाही. दुसऱ्या कुणाचा तरी आला. इथं नाव लिहायची गरज नाही.

१७ नोव्हेंबर, माण

दहावा उद्या, म्हणून आजच वहिनींकडं आलो. माझ्या आधी प्राध्यापक येऊन बसलेले, लॅपटॉप घेऊन. म्हणाले, आनंदाची बातमी आहे. मायाप्पाच्या जुन्या भाषणांवरनं त्यांच्या पोरांनी त्याचा आवाज तयार केलाय, तो आता काहीही बोलू शकतो. 'हाक'चं सगळं काम तोच आवाज पुढं करील. कायमचा. त्यांनी बटण दाबलं.

"नमस्कार, मी मायाप्पा बोलतो आहे. मी तुमच्यातच आहे. आपल्या महाविद्यालयाच्या नव्या विभागाला माझे आशीर्वाद आहेत."

आवाज त्याचाच. अगदी तोच. घसा खरवडल्यासारखं शेवटी थांबणंसुद्धा. म्हातारी माणसं हात जोडायला लागली. वहिनी भाकरी थापत होत्या, थापत्याच राहिल्या.

"ह्ये 'आहे' कवापासनं म्हनाया लागले?"

प्राध्यापक म्हणाले, ते दुरुस्त करता येईल.

"जित्तेपनी रातदिस राबले. मेल्यावर बी कामाला लावता व्हय त्यास्नी?"

असं काही बरं वाटलं मला! वाटलं, घाल आणखी दोन. तोवर त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं.

"भावजी, तुमी तरी दुसरं काय करताय? काडा त्यो आवाज."

"मग कुणाचा लावू?"

"ज्यो मागं राहिला हाय त्येचा."

त्यांना धुळाचं कळलं होतं. मी सांगायच्या आधीच. मी मान खाली घालून भाकरी खाल्ली.

१८ नोव्हेंबर, माण

दहावा. मेंढकं मागं उन्हात, पुढं खुर्च्या. कर्ण्यावर भाषणं. अकरा जण बोलले, त्यातल्या चौघांनी त्याचं नाव 'मयप्पा' घेतलं. कर्ण्याच्या दणक्यानं कावळे केव्हाच पळाले होते आणि पिंड तसाच. भटजी भाषणं संपायची वाट बघत घड्याळ बघत होते.

मग भाऊसाहेब म्हणाले, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू.

शांत झालं. आणि एकाच्या खिशात फोन वाजला. मग दुसऱ्याच्या. कालपरवा ह्यांनी दिलेले मिस्ड कॉल, रांग सरकत सरकत आता मशीन उलट फोन लावत होतं. एकानं गडबडीत उचलला आणि स्पीकर चालू झाला.

"हाक ऐकली. बोल गड्या, कुठं हाईस?"

एवढ्या शांततेत. पलीकडनं आणखी एक, "हाक ऐकली." मग आणखी. कुणी बंद करीना. दोघा-चौघांनी व्हिडिओ काढायला मोबाईल वर धरले. एक बाई रडायला लागली, दुसऱ्यानं "अमर रहे" म्हटलं आणि शांततेचा बाजारच झाला. प्राध्यापक डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "बघा, सर आलेच."

संगीतावहिनी उठल्या आणि नदीकडं चालत गेल्या. एकट्या. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे मोबाईल धरून होते.

मी गाडीत बसून लॅपटॉप उघडला आणि आवाज पुसला. कॉपी ठेवली का, ते इथंही लिहीत नाही. त्याच्या जागी माझा टाकला. "हाक ऐकली. बोला." तीनदा केला. तिन्ही वेळा परेडवर दरडावल्यासारखा आला. तिसरा ठेवला.

२० नोव्हेंबर, विश्रामबाग

ओसरले. अमर रहेवाले दीड दिवसात ओसरले! माझा आवाज ऐकतात आणि ठेवून देतात. काल एक जण म्हणाला, "अहो, सरांचा लावा ना," जसा मी रेडिओवर बसलोय. आज सकाळपासून मेंढकं सोडून कुणी नाही. सहा लायनी पुन्हा पुरतात.

प्राध्यापकांनी पोस्ट टाकली आहे. 'सरांचा आवाज पुसणारा हा इसम कोण?' खाली शेकड्यानं शिव्या. गद्दार, चोर, आणखी बरंच. भाऊसाहेबांची पोरं दुपारी ऑफिसखाली येऊन घोषणा देऊन गेली. त्यातल्या एकानं जाताना वर येऊन पाणी मागितलं. दिलं.

घरमालक म्हणतो, ह्या भानगडी असतील तर महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा. मशीन कुठं न्यायचं, कोण बघणार, मला त्यातलं निम्मंच येतं, मायाप्पानं बाकीचं सांगितलंच... असो. चौकातल्या फ्लेक्सवर आता भाऊसाहेबांचा वाढदिवस आहे. चप्पल तीच.

मेंढकं माझा आवाज ऐकून दचकतात, मग बोलतात. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मायाप्पा कुठं गेला?" त्याला कुणी कळवलंच नव्हतं. एवढा सगळा शोक झाला, आणि त्याच्यापर्यंत पोचला नाही. मी लाइनीवर येऊन सांगितलं. मग म्हणाला, "बरं. माझी मेंढरं विट्याच्या शिवेला हायती." मी लिहून घेतलं.

धुळाचा एकदाही फोन नाही. त्याच्या भागातल्या तिघा शेतकऱ्यांचे निरोप त्याला पाठवले. फोन वाजतो, उचलत नाही.

२३ नोव्हेंबर

आज सकाळी मिस्ड कॉल, अनोळखी नंबर. मशीननं उलट फोन लावला. माझं "हाक ऐकली, बोला" झाल्यावर नुसतं वारं आणि घंटा. मी समजलो, कुणी चुकून लावलाय. मग धुळाचा आवाज.

"नदीच्या अल्याडच्या पट्टीत ज्वारीला फुटवा हाय. कुनी मेंढरं घालू नका. समद्यास्नी सांगा. आन पोचलं का न्हाई ते मला कळवा."

माझं नाव घेतलं नाही. राम राम केला नाही.

लगेच पाठवलं सगळ्यांना. उत्तरं यायला लागली. "व्हय, कळालं." "बरं झालं, तकडंच निघालो हुतो." फौजेत असताना असे शेकड्यानं निरोप पाठवले, एकेका उत्तरापुढं खूण करत कधी बसलो नव्हतो.

मग मशीनवर न सोडता मी स्वतः धुळाला फोन लावला. पोचलं, एवढंच सांगायला.

वाजतोय. उचललेला नाही. पुन्हा लावतो.