त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं

२ मे २०२४, गुरुवार

सगळ्यांत आधी कोण टपकली, तर शेजारची ऑलेटा! पाहुण्यांची गाडी अजून टेकडीही चढली नव्हती, तर ही मागच्या दारानं आत — “अगं, पाद्री येतोय तुझ्याकडे! कोण गेलं?” कोणी गेलेलं नाही म्हटल्यावर जरा हिरमुसलीच.

गाडीतून दोघं उतरले. एक तुरुंगातला पाद्री, ब्रदर हॅस्किल — अगदी पोरसवदा, बूट चिखलात. दुसरा त्याला मदत करणारा जुना सैनिक, डेनी कोंब्स, एक पाय व्हिएतनाममध्ये ठेवून आलेला. सफरचंदाचा केक दोघांनीही दोनदा घेतला. डेनीनं तिसऱ्यांदाही घेतला आणि म्हणाला, “लाकडी पायाला पण भूक लागते, बाई.”

काम असं. नव्वद मैलांवर जो मोठा तुरुंग आहे, तिथे पूर्वी सैन्यात असलेल्या कैद्यांची एक वेगळी बराक आहे. लढाईत गेलेल्यांसाठी ते दर मे महिन्यात कार्यक्रम करतात. एकेका कैद्यानं एकेक नाव वाचायचं, घंटा वाजवायची. यंदा पहिल्यांदाच घरच्यांना बोलावलंय. “तुमच्या ट्रॅव्हिसचं नाव कुणीतरी दिलंय,” पाद्री म्हणाला. “कुणी ते मला ठाऊक नाही. यादी कैदीच करतात.”

मला ठाऊक होतं! कोडी त्याच तुरुंगात आहे. ट्रॅव्हिसचा धाकटा भाऊ, माझा दुसरा नातू. माझी मुलगी दोघांना माझ्या ओट्यावर सोडून निघून गेली तेव्हा एक सहा वर्षांचा, एक तीन. बाप वेगळे, आडनावं वेगळी — म्हणून पाद्र्याला पत्ता नाही. ऑलेटाला आहे. ती तोंड उघडणार एवढ्यात मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

५ मे, रविवार

तुरुंगानं पाहुण्यांसाठी दिलेला फॉर्म भरायला बसले. माझी शाळा सहावीपर्यंत, त्यातलीही निम्मी तंबाखूच्या शेतात गेली. पण वाचता येतं मला, सावकाश.

आठवा प्रश्न. या तुरुंगात तुमचा कोणी नातेवाईक आहे का? असेल तर पाहुणा म्हणून येता येणार नाही, भेटीच्या दिवशी यावं.

भेटीच्या दिवशी! सात वर्षांपूर्वी गेले होते. कोडी काचेपलीकडून म्हणाला, “आजी, या कपड्यांत बघू नकोस मला. परत येऊ नकोस.” आणि त्याच्या भेटीच्या यादीतून माझं नावच काढून टाकलं. पत्रं पाठवली, उत्तर नाही. मी एक्क्याऐंशीची आहे. आणखी किती थांबू?

रकान्यात ‘नाही’ लिहिलं. आधी पेन्सिलनं. मग पेननं.

१२ मे, रविवार

आज कबरी सजवायचा रविवार. सगळं गाव टेकडीवर, गवतावर चादरी, त्यावर कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव. माझी फुलं अजूनही कागदाचीच. सुरीच्या पाठीनं पाकळी वळवायची, शेवटी कडेला एक चिमटा काढायचा, मग वितळलेल्या मेणात बुडवायची — पाऊस आला तरी टिकतात. दोन्ही पोरांना शिकवली होती. ट्रॅव्हिसची फुलं कोबीसारखी व्हायची! कोडीच्या फुलावर एकदा खरीखुरी मधमाशी येऊन बसली होती.

ट्रॅव्हिसच्या दगडापाशी जो तो थांबतो. “आपल्या गावाचं नाव काढलं पोरानं.” तेरा वर्षं झाली, कंदाहारच्या रस्त्यावर गेला तो. कोडीचं कोणी विचारत नाही. याच गावानं दोघांनाही बँड लावून पाठवलं होतं. धाकटा परत आला, पण कपाटात बसून झोपायचा. दार वाजलं की जमिनीवर आडवा. मग दारू. मग पेट्रोल पंपावर एका माणसाशी भांडण आणि गोळी.

त्या माणसालाही आई आहे. दुकानात दिसते कधीकधी. मी रांग बदलते.

२४ मे, शुक्रवार

पाहिलं! पाहिलं मी त्याला!

क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं सांडेल. गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस सोमवारी, पण त्या दिवशी सुट्टी, पहारेकरी कमी, म्हणून कार्यक्रम आजच. डेनी सहालाच गाडी घेऊन हजर. तुरुंगाच्या दारात माझ्या केसांतल्या पिनासुद्धा काढून घेतल्या — अंबाडा सुटला, तशीच गेले, चेटकिणीसारखी.

जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या. चाळीसेक कैदी, खाकी कपडे, तुरुंगाचेच, पण इस्त्री इतकी कडक की कड बोटाला लागावी. डेनी कुजबुजला, “इस्त्री नाही, गादीखाली दाबून झोपतात.” पुढे एक छोटं टेबल, जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी. पांढरा कपडा, पालथा पेला — काचेचा चालत नाही, प्लास्टिकचा — रिकामी खुर्ची. आणि एक लाल गुलाब. कागदाचा. संडासाचा कागद, सरबताच्या पुडीनं रंगवलेला. पाकळीच्या कडेला चिमटा.

माझा चिमटा! मी खुर्ची घट्ट धरली.

नावं सुरू झाली. एक नाव, एक घंटा. मग नाव वाचणाऱ्यानं चालत येऊन घरच्यांच्या हातात एकेक फूल द्यायचं. अंगाला हात लावायचा नाही, हे दोनदा बजावलेलं. कुणाची बायको, कुणाचा म्हातारा बाप. खुनी, दरोडेखोर असतील ते — पण ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत त्या पोरांची नावं घेताना आवाज फुटत होते त्यांचे. आमच्या चर्चमध्ये ट्रॅव्हिसचं नाव आता कसं घेतात — भोपळ्याच्या विक्रीची सूचना सांगावी तसं.

मग कोडी उठला. कागद न बघता म्हणाला, “सार्जंट ट्रॅव्हिस मॅगार्ड.” घंटा वाजवली. वळला. आणि मी दिसले त्याला. हॉलच्या मध्यावर थबकला. त्याला सांगितलंच नव्हतं ना कोणी, कोण येणार ते! मला वाटलं आता पाठ फिरवतोय. पण आला. फूल पुढे धरलं.

काय काय बोलायचं ठरवलं होतं मी! आणि तोंडातून काय निघावं? “अरे मेल्या, किती वाळलास! पोटाला देतात की नाही?” आणि दोन्ही हातांनी गाल धरले त्याचे!

सगळा हॉल हसला. कोडी हसला — समोरचा दात पडलाय — आणि हसता हसता रडला. “आजी,” म्हणाला. एवढंच.

भिंतीपाशी उभ्या पहारेकऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

३ जून, सोमवार

कोडीचं पत्र! सात वर्षांनी! “आजी, भेटीच्या यादीत तुझं नाव टाकलंय. येत जा. दात मीच पाडून घेतला, घाबरू नकोस.” ऑलेटाला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणे, पुरे, मला पाठ झालं!

पंधरा तारखेला शनिवार आहे. निळा झगा धुतला. या वेळी पिना लावायच्याच नाहीत, रिबीन बांधायची.

१३ जून, गुरुवार

पाद्री आणि डेनी आले. केक घेतला नाही.

फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून कार्यक्रमाच्या दिवसापासून वर्षभर मला त्या दारातून आत सोडणार नाहीत, भेटीलासुद्धा नाही. चौकशीत कोडीनं सांगितलं, ‘आजीला कमी वाचता येतं, मीच निरोप पाठवून “नाही” लिहायला लावलं.’ त्यावरून त्याला सैनिकांच्या बराकीतून काढलंय. आता पुढच्या मे महिन्यात त्याला नाव वाचता यायचं नाही.

मी म्हटलं, मला वाचता येतं. नीट वाचून लिहिलं मी. ते लिहून घ्या. पाद्र्यानं लिहून घेतलं. काही उपयोग होईल असं मात्र म्हणाला नाही.

वर्ष सरलं की मला कोडीच्या भेटीला न्यायला दोघं येणार आहेत. २४ मे, शनिवार, सकाळी सहा.