वर्षावासाचे वाचन, मुक्काम जर्मनी

२ ऑगस्ट, शनिवार. स्टुटगार्ट.
पोचले. अनिकेतच्या मुलीला शाळेची सहा आठवडे सुट्टी, अनिकेत-मनालीला ऑफिस, म्हणून मला बोलावणे. मुलाला अट घातली आहे : रोज चार ते पाच मी कोणाची आई नाही, आजी नाही. तेव्हा आमच्या सापगावात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि बुद्धविहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज. बावीस वर्षे ते मी वाचते आहे. दुसरे कोण वाचणार? उच्चार हवेत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टी घेऊन उभ्या राहायच्या, तेव्हा कुठे जीभ वळली.
व्यवस्था चोख आहे. विहाराचे काम पाहणारा सोमा माझ्या खुर्चीवर मोबाइल ठेवील, त्याला माइक लावील. मुरबाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षे लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. माझी एक लाइन लागणार नाही?

४ ऑगस्ट. सायं. ५.२०
लागली. पण सोमाने मोबाइल उताणा ठेवला. पंचेचाळीस मिनिटे मी छताच्या पंख्याला वाचून दाखवले. माइक बंद होता हे नंतर कळले.
सकाळी हवेसाठी खिडकी उघडली, तर ती वरून सुटून अंगावर आली. दोन्ही हातांनी धरून मनालीला हाका मारत उभी. ती म्हणाली, आई, ती अशीच तिरकी उघडते. मी म्हटले, दोन बाजूंनी उघडणाऱ्या वस्तूवर तसे लिहून ठेवावे.

६ ऑगस्ट
खोलीत वाय-फाय धड नाही. उद्यापासून बाल्कनी.
सापगावात धो धो पाऊस, दोन खांब पडले, लाइट नाही. वर्षाचा फोन. मॅडम, तुमी दमू नका, आज मी बॅटरी लावून चार पानं वाचते. वर्षा म्हणजे गावातल्या येसूबाईची सून. खर्डीला बारावीपर्यंत शिकली आहे, अजून 'नाही'ला 'नाय' म्हणते. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. एका दिवसापुरती.

९ ऑगस्ट
बाल्कनीतले वाचन उत्तम. आवाज समोरच्या इमारतीपर्यंत जातो. आज लेटरबॉक्समध्ये वरच्या मजल्यावरच्या आजोबांची चिठ्ठी. सुवाच्य अक्षर. जर्मन येत नसले तरी कौतुक कळते. फ्रिजवर लावली.

११ ऑगस्ट
मनालीने चिठ्ठी वाचली आणि काढून ठेवली.
वाचन पुन्हा खोलीत. बाल्कनीत ऊन फार येते.

१४ ऑगस्ट
रस्त्यावर एक गाडी नाही, म्हणून नातीचा हात धरून पलीकडे गेले. एका अनोळखी बाईने लाल दिव्याकडे बोट करून मला झापले. नात तिच्या बाजूने बोलली. जर्मनमध्ये.
मग बस. मला धावताना ड्रायव्हरने पाहिले, हात हलवला आणि बस नेली. शहापूरला रिक्षावाला पुढे गेलेली रिक्षा मागे घेऊन विचारतो, बसायचं का मावशी.
वाचनाला अकरा मिनिटे उशीर. वर्षाने सुरू केले होते. म्हटले, आता तूच संपव, मी चुका टिपते. तासाभरात एकेचाळीस. वहीत वेगळे पान केले : वर्षा, उच्चार.

१९ ऑगस्ट
गेले चार दिवस वर्षाच वाचते आहे. (लाइन खराब.)
आज वाचन संपल्यावर सोमा फोन बंद करायला विसरला. येसूबाई कोणाला तरी सांगत होती, मॅडम वाचायची तेवा झोप काय मस्त लागायची गो. ही मधी मधी थांबते नि इचारते. जागं राहावं लागतं. सगळ्या हसल्या. मी फोन कापला.
येसूबाई माझी लहानपणची शेजारीण. दिवसभर भाताच्या आवणीला वाकलेली असते, तिला कशानेही झोप येईल. यात माझा काय संबंध?
वर्षाला मेसेज लिहिला : वाचताना मध्ये थांबणे ही शिस्त नव्हे. उद्यापासून मी वाचेन. पाठवला नाही. बॅटरी चार टक्के होती.

२० ऑगस्ट
बॅटरी शंभर टक्के. मेसेज उद्या पाठवीन. आधी पुरावा हवा. चुका छत्तीस.

२५ ऑगस्ट
चुका सतरा. वर्षाने एक पान वाचले आणि विचारले, आपल्या घरात असं झालं तर आपून काय करू? सोनी उठली. ही बावीस वर्षे येते आहे, हिला आवाज आहे हे मला माहीत नव्हते. वीस मिनिटे बोलली. थोरल्या जावेशी नऊ वर्षे अबोला, एका विहिरीवर पाणी भरतात. उद्या म्हणे ती स्वतःहून जावेशी बोलून बघणार. ग्रंथवाचनात हे चालत नाही.
उद्या चारला घरी असलेच पाहिजे. चुका टिपायला.

२६ ऑगस्ट
जाऊ बोलली नाही. पण सोनीची कळशी तिने डोक्यावर चढवून दिली. चुका मोजायच्या राहिल्या.

२ सप्टेंबर
चुका तीन. त्यातली एक माझ्या ऐकण्यातली असावी. मनालीने विचारले, आई, एकट्याच का हसताय? मी म्हटले, उच्चारांना.
गर्दी विहाराच्या पडवीपर्यंत गेली, असे सोमा सांगतो. पाऊस आहे. माणसे आडोशाला येणारच.

९ सप्टेंबर
चुकीच्या बसमध्ये बसले. बस शेवटपर्यंत गेली, मीही गेले. घरी पोचले तेव्हा पावणेसहा. वाचन पूर्ण हुकले.
वर्षाला फोन लावून विचारले, आज पुढे काय झालं? ती म्हणाली, मॅडम, बावीस वर्षं तुमीच तर वाचलं ना? मी म्हटले, तुझी परीक्षा घेते आहे.
सांगितले तिने. पाऊण तास. सोनीच्या जावेचेही सांगितले.

१३ सप्टेंबर, शनिवार
उद्या विमान. बॅग भरून झाली.
वर्षाला कळवले की प्रवासाने माझा घसा बसेल, तेव्हा समारोपापर्यंत तूच वाच, मी देखरेख करीन. खुर्चीची गरज नाही. येसूबाईच्या बाजूला भिंतीला टेकायला एक जागा धरून ठेव.
वर्षा म्हणाली, धरता येत नाय मॅडम, बाया भांडतात. सातला येऊन बसा. उशीर झाला तर भिंत मिळत नाय.