साठवलेला आराम

२ मार्च, सकाळ
कंबर दुखतेय. म्हणजे गेली दोन वर्षं दुखतेय, पण आजपासून शिस्तीत दुखणार. भावोजींच्या ओळखीचे ट्रकवाले काका पंधरा तारखेला येतायत. म्हणाले, ताडपत्री बांधता येत असेल आणि पुढच्या सीटवर नीट बसता येत असेल, तर चल क्लीनर म्हणून, थेट समुद्रापर्यंत. ताईच्या सोफ्यावरून समुद्र! ठराव: तोवर कंबर आटोक्यात.

३ मार्च
फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, थोडं काम, थोडा आराम, परत थोडं काम. दुखायच्या आधी थांबायचं. बरं वाटलं म्हणून उधळायचं नाही. म्हटलं, कळलं. म्हणाल्या, चेहऱ्यावरून वाटत नाही. चेहऱ्याचा आणि कमरेचा काय संबंध?
ताईचा स्वयंपाकघरातला टायमर घेतला. बदकाच्या आकाराचा. वेळ झाली की क्वॅक करतो.

४ मार्च
भांडी घासायला घेतली. बदक ओरडलं. आडवा झालो. बदक ओरडतच राहिलं, म्हणून खोललं. आत एवढीशी स्प्रिंग! दुपार त्यातच गेली. स्क्रू सोफ्याखाली गेला. भांडी भावोजींनी घासली. म्हणाले, तुझ्या कमरेमुळे माझा हात छान बसतोय.

५ मार्च
ताईच्या सासूबाई, म्हणजे मावशी, यांचे दोन्ही गुडघे कायमचे दुखरे. त्यांचं काम बघवत नाही. चार कपडे वाळत घालतात, खुर्चीत बसतात. उठतात, आणखी चार. एका बादलीला अख्खी सकाळ! म्हटलं, मावशी, एकदाच उरकून टाका की. म्हणाल्या, ये, तू उरक. मला नेमका आराम करायचा होता.

६ मार्च, चहानंतर
शोध लागला! थोडं काम, थोडा आराम यात सारखी उठबस होते. कंबर तिनेच दुखते. त्यापेक्षा सगळा आराम आधीच घेऊन ठेवायचा. मोबाइल चार्ज करतो तसा. बाईंना हे सुचलं नाही, कारण त्यांना आडवं व्हायला वेळच मिळत नसणार.

९ मार्च
चार्जिंग चालू. पंख्याला तीन पाती, पण एकच जास्त मळतं. का? सकाळभर विचार केला. ताई म्हणाली, लोळतोच आहेस तर निदान लसूण सोल. म्हटलं, साठ्यातून खर्च होईल. त्यावर ताई जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

१३ मार्च, सकाळ
फुल चार्ज. कंबर आहे की नाही तेच कळत नाही!

त्याच दिवशी, दुपार
पंखा पुसला. मग हॉलमधलं कपाट समोरच्या भिंतीला नेलं. तिथे बरं दिसेना म्हणून परत आणलं. मावशी म्हणाल्या, अरे, उद्यासाठी थोडं ठेव. मी हसलो. गच्चीवर ताडपत्री बांधायचा सराव केला. शेवटी शेवटी डोळे मिटून.

१४ मार्च
झोपून लिहितोय. गादीतच काहीतरी दोष आहे.

१५ मार्च
ट्रकचा हॉर्न वाजला. ताडकन उठायला गेलो आणि अर्ध्यातच अडकलो. दोन्ही हात, दोन्ही गुडघे जमिनीवर. काका आत आले, म्हणाले, काय शोधतोस? म्हटलं, बदकाचा स्क्रू. बिचारे ओणवे होऊन तेही शोधायला लागले. त्यांना सापडला. मग म्हणाले, चल, ऊठ आता.
मी स्क्रू हातात घेतला आणि तसाच ओणवा राहिलो.
मग मावशींनी विचारलं, सीट रिकामीच जाणार का? त्यांची बहीण समुद्राजवळच राहते. काका म्हणाले, पण मी दर तासाला थांबतो बरं का, पाय मोकळे करायला, चालेल? मावशी म्हणाल्या, मी दुसरं काय करते?
बॅग तयारच होती. बसने जायचं म्हणून आठवडाभर रोज दोन-दोन कपडे भरत होत्या म्हणे. ट्रकमध्येही तशाच चढल्या. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा.
सीट मीच सोडली, असं म्हणायला हरकत नाही.
काकांनी स्क्रू बसवून दिला, मग मावशींनी बदकही नेलं. गाडी वळताना ओरडलेलं ऐकू आलं.
ताईने लसणाची परडी माझ्या हाताला लागेल अशी जमिनीवर ठेवली आहे.