महाराजांची प्रकृती स्थिर आहे

सोमवार, ३ मार्च
महाराज गेले. सकाळी सव्वासहाला. बावीस वर्षं त्यांचा डॉक्टर होतो, आणि त्यांचे डोळे मिटायलाही मला परवानगी घ्यावी लागली!
खोलीत तिघंच – मी, त्यांचा जुना सेवक आणि धाकटे भाऊ. भावानं दार आतून लावलं. बाहेर सांगायचं, प्रकृती स्थिर आहे. राजकन्या शनिवारी परदेशातून पोचेल. तोवर ब्र काढायचा नाही. गादी तिची, हे शेंबडं पोरही जाणतं. आल्या आल्या तिला कैदेत नेणार, तेही कळलं मला.
मग भावानं अगदी मायेनं विचारलं, "डॉक्टर, तुमचा जावई माझ्याच पलटणीत ना?"
'प्रकृती स्थिर' अशा पत्रकावर सही केली.

मंगळवार, ४ मार्च
बर्फाच्या लाद्या. खिडक्या बंद. राणीसाहेबांना आत सोडत नाहीत – संसर्गाचं कारण माझ्याच तोंडून. जिन्यात त्यांनी गाठलं. महाराजांनी काही खाल्लं का, विचारलं. थोडं सूप घेतलं, म्हणालो.
जीभ कशी झडली नाही माझी!

बुधवार, ५ मार्च
पुन्हा सही.

गुरुवार, ६ मार्च
बायको म्हणाली, खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता. तीन दिवस पुसताय.
तिकडे राणीसाहेब दिराबरोबर पत्ते खेळतायत. नवा पोशाख शिवायला टाकलाय. नोकर कुजबुजतात – बाईला काळीजच नाही.

शुक्रवार, ७ मार्च
राहवेना. उद्या ती पोर वाघाच्या जबड्यात येणार. नाडी पाहायच्या निमित्तानं राणीसाहेबांकडे गेलो. दासी बाहेर जाताच सांगून टाकलं – महाराज नाहीत.
त्यांनी हात मागे घेतला नाही. "सोमवारपासून माहीत आहे मला."
सेवकानं त्याच दुपारी सांगितलं होतं. भावजी बेसावध राहावेत म्हणून पत्ते, म्हणून पोशाख. राणीसाहेबांचा माणूस मुलीकडे कधीच निघालाय – सरहद्द ओलांडू नकोस, हा निरोप घेऊन. पोचला की नाही, कळायला मार्ग नाही.
"आणखी एक दिवस मला निर्दय राहू द्या, डॉक्टर."
आवाज शांत. बोटाखाली नाडी मात्र उधळलेली.

शनिवार, ८ मार्च
स्टेशनवर शिपायांच्या दोन रांगा – म्हणे स्वागताला. गाडी आली, राजकन्या नाही. राणीसाहेब फलाटावर, भर गर्दीत, मोठ्यानं म्हणाल्या, "माझा नवरा सोमवारीच गेला." आणि मटकन खाली बसून रडल्या.
महाराजांच्या धाकट्या भावानं शिपायांना हुकूम सोडला – उचला यांना.
कुणी हललं नाही. मग एकानं टोपी काढली. मग शेजारच्यानं. मग सबंध रांगेनं.