मी न सांगितलेली चूक

प्रिय जानकी,

कंपनीच्या चॅटवर रोज भेटणाऱ्या मैत्रिणीला कागदावर पत्र कोण लिहितं, असं तुला वाटेल. पण चॅटवर मी दोन शब्दांत आटपते, आणि हे दोन शब्दांत मावणारं नाही. इथे तारकर्लीत सगळे बरे आहेत. निलेशच्या होडीला पर्यटक मिळतायत. आई माझ्याकडेच असते, अंगणात कोकमाची सोलं वाळत घालते आणि तुझी आठवण काढते. आठवण कसली, आरतीच. "जानकीन नाव काढल्यान गो! आणि तू घरात बसान काय करतंस?" तेही नेमकं निलेश घरात असला की, माझ्या नवऱ्यासमोर.

सावंतवाडीला कॉलेजात होतो तेव्हा तलावाच्या कठड्यावर बसून तू मला प्रोग्रामिंग शिकवायचीस आणि मी तुझे निबंध लिहून द्यायची. लिहिणं माझं, बाकी सगळं तुझं, अशी वाटणी मी मनात करून टाकली होती. पुढे तू पुण्याला गेलीस, हजारो फाइलींतून हवा तो कोड शोधून देणारं साधन बनवलंस, आणि त्याची माहितीपुस्तिका लिहायला मलाच बोलावलंस. सहा वर्षं मी घरून ती लिहिली. एकशे बारा पानं. ती कोणी फारशी वाचत नाही हे मला ठाऊक होतं, तरी ती माझी होती.

मग गेल्या हिवाळ्यात आपले साहेब, गुरुदास सर म्हणाले, आता शोधायला माणसं कमी आणि स्वतःच कोड शोधून बदलणारे एआय एजंट जास्त येणार, त्यांच्यासाठी लिहा. मी महिनाभर माझी पुस्तिका उलटीपालटी केली. चाचणीत एजंट ती वाचून भरकटायचे, भलतंच शोधत बसायचे. शंभरातली एकेचाळीस कामं जमली. तू शनिवार-रविवारात एक पान लिहिलंस आणि अठ्ठ्याऐंशी जमली. सरांनी ते दोन आकडे स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. तेव्हा मी नेट गेल्याचं सांगून मीटिंगमधून बाहेर पडले. नेट गेलं नव्हतं, जानकी. माझं एकच काम होतं, आणि तेही तू माझ्यापेक्षा चांगलं केलं होतंस.

दुसऱ्या दिवशी तू ते पान मला पाठवलंस. "एकदा नजर घाल गो, लिहिण्यातला तुका कळता, माका नाय." ते वाचून मला वाटलं, ही मला चिडवतेय. पण मी पान उघडलं आणि बारकाईने तपासलं, कारण मला त्यात चूक हवीच होती. ती तिसऱ्या ओळीत सापडली. कोडमधलं एखादं नाव दिलं की ते वापरलेल्या सगळ्या जागा मिळतील, असं तू लिहिलं होतंस. सगळ्या मिळत नाहीत. एका वेळी पन्नासच येतात. माणसांना खाली 'पुढचे' हे बटण दिसतं. एजंटला पुढच्या जागा मुद्दाम मागाव्या लागतात, आणि त्या मागायच्या हे तुझ्या पानावर कुठेच नव्हतं. माणसाला पन्नासचा नेमका आकडा बघून शंका तरी आली असती. एजंट लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो. मी दुरुस्ती टाइप केली, पुसली आणि लिहिलं, "मस्त आहे." मग जाऊन बांगडे साफ केले. खरं सांगते, हात हलके वाटत होते.

वाटलं होतं, चार दिवसांत कोणाच्या तरी लक्षात येईल आणि तुझा जरा फजितवाडा होईल. तेवढंच हवं होतं. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. दवाखान्यांच्या पेशंटना तारखा कळवणाऱ्या त्या प्रोग्रामच्या कामात एजंटने तारीख लिहायची पद्धत त्र्याहत्तर जागांपैकी पन्नासच जागी बदलली आणि काम पूर्ण झाल्याचं कळवलं. पेशंटना चुकीच्या दिवसाचे निरोप गेले. एका म्हाताऱ्या बाईंचं डायलिसिस चुकलं, चार दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. त्या घरी गेल्याचं कळेपर्यंत मला जेवण गेलं नाही. आईने विचारलं, "काय जाला गो?" मी पित्त म्हणाले.

चौकशीत सरांनी विचारलं, हे पान दुसऱ्या कोणी तपासलं होतं का? मी माझा माइक बंद ठेवून ऐकत होते. तू म्हणालीस, "मीच लिहिलं, मीच तपासलं." माझं नाव तू घेतलं नाहीस. त्या दिवशी मला लाज वाटायला हवी होती. पण मला आला तो तुझाच राग. चांगुलपणातसुद्धा तू माझ्यापुढे जावंस, हे मला सहन होईना.

काल सरांचा फोन आला. तू राजीनामा दिलास आणि तुझ्या जागी माझं नाव सुचवलंस. "जानकी म्हणते, अनुजाच हे नीट लिहील," असं सर म्हणाले. जी जागा मला इतकी वर्षं हवी होती, ती तू हातात आणून दिलीस, आणि मी "विचार करून सांगते" म्हणाले. संध्याकाळपर्यंत मी खरंच विचार करत होते, जानकी. पुण्यात घर कुठे बघायचं, याचा. आज सकाळी मात्र तुझा तो निरोप आणि माझं उत्तर सरांना पाठवलं. चूक मला दिसली होती आणि मी ती मुद्दाम सांगितली नाही, हे लिहिलं, आणि जागा नाकारली. ती तिसरी ओळही दुरुस्त करून सोबत जोडली. माझी नोकरी बहुतेक जाईल. सर तुला बोलावतील, तेव्हा हे तुला त्यांच्या तोंडून पहिल्यांदा कळू नये, म्हणून निलेश आज पुण्याला निघालाय त्याच्या हाती हे पत्र देतेय. त्याला सगळं सांगितलंय. तू राजीनामा मागे घे. मला माफ कर असं मी लिहीत नाही, कारण तू करशील, आणि मग मला त्याचाही हेवा वाटेल.

तुझीच, जशी आहे तशी,
अनुजा