झूल काढून पाहणं

अप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून उंदरांच्या हृदयात डोकं घालून बसले आहे, हे ऐकून तुम्ही हसला असता. नांदेडच्या फार्मसी कॉलेजात माझं काम एवढंच: उंदराच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बांधली, तेवढा तुकडा मेला, की उरलेलं हृदय काय करतं ते पाहायचं. ते गप्प बसत नाही. मेलेल्या भागाचंही ओझं ओढायला जातं, पसरतं, भिंत पातळ होते आणि त्या मदतीपायीच थकतं. जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याची मान सुजते, असं तुम्ही म्हणायचात. हृदयाला ही खोड कोण लावतं, मला अजून कळलेलं नाही. औषध देऊन ते पसरणं रोखता येतं का, हे मी शोधते. तुमचंही हृदय असंच पसरलं होतं.

देवणीच्या जनावरांच्या प्रदर्शनात तुम्ही पंच असायचात. मी आठ-नऊ वर्षांची, तुमचं धोतर धरून उभी आहे. तुम्ही आधी प्रत्येक बैलाची झूल आणि घुंगरमाळ काढायला लावता, मालकाला चिंचेखाली पाठवता, कासरा भलत्याच माणसाच्या हातात देता. एक काळा-पांढरा बैल येतो आणि मी कुजबुजते, "अप्पा, ह्यो मामाचा हाय." तुमचा हात त्याच्या पाठीवरून खाली येतो. "सांगितलीस व्हय? आता माझे डोळे कामातून गेले." मग दुसऱ्या पंचाला हाक मारता, "याला तुमी बघा. हे जनावर माझ्या वळखीचं झालं." मामाच्या बैलाला नंबर मिळाला नाही. मामा दिवाळीपर्यंत बोलला नाही, आणि मीही तुमच्यावर चांगली आठवडाभर रुसले होते.

आमच्याकडेही झूल काढतात. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला नुसतं पाणी, हे फक्त सरांच्या वहीत. पाजते दुसरीच मुलगी, तिलाही बाटल्यांवरचे आकडेच माहीत. पण या औषधानं लघवी वाढते, त्या पिंजऱ्यांतला भुसा लवकर भिजतो, आणि भुसा बदलते मी. चार दिवसांत मला सगळे ओळखू आले. कोणाला बोलले नाही. पुढे हृदयाचे काप काचपट्ट्यांवर आले, तर त्यांच्यावर पिंजऱ्याचेच आकडे. भिंतीची जाडी मोजताना ओल्या पिंजऱ्यातल्या हृदयाची मी जरा जाड जागा धरायची, कोरड्यातल्याची पातळ. मुद्दाम नाही हो, हात आपोआप तिकडे जायचा. औषध लागू पडावं असं मला फार फार वाटत होतं. काल एक पट्टी आकडा झाकून पुन्हा मोजली, माप वेगळंच आलं. आज सकाळी सरांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, "पट्ट्या लातूरला पाठवू. तिथले लोक मोजतील." माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. औषधाचा गुण उरेल की तोही माझ्या हातचाच निघेल, कोणास ठाऊक. भीती वाटते, पण खरं सांगू, उत्सुकताच जास्त आहे. दुपारी पट्ट्यांची पेटी घेऊन लातूरची एसटी गेली तेव्हा मी स्टँडवर उगाच उभी राहिले होते.

हे पत्र टाकायचं तरी कुठं, वहीतच राहील. सरांना सांगितलं तसं तुम्हालाही एक सांगायचं आहे. त्या शेवटच्या वर्षी, लातूरच्या डॉक्टरकडे निघायच्या सकाळी, तुम्ही ओसरीवर पाय लांब करून बसला होता. "सूज उतरली का गं? तू त्यातलंच शिकून राहिलीस, तूच बघ." सूज असली की दाबल्या जागी खड्डा राहतो. मी नडगीवर बोट दाबलं आणि म्हणाले, "हाव अप्पा, लई उतरली." "मग कशाला जायाचं उगं," म्हणत तुम्ही धोतर सारखं केलंत. आपण गेलो नाही. महिन्याभरात तुम्ही गेलात. इतकी वर्षं मी मनाला समजावत आले की तुम्ही बरं व्हावं या आशेनं माझे डोळे कामातून गेले होते. नव्हते गेले, अप्पा. बोट उचललं तेव्हा खड्डा तसाच होता, आणि तो मला दिसला होता.